रेघ ओढणारा हात कोणाचा?



बैठकीपुढे कापसाचा भाव आहे, ज्वारीची खरेदी आहे, वीजबिलाचा घोळ आहे. हे सारे सोडून मी आकाशातल्या उपग्रहांविषयी लिहायला बसलो, हे पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. "पाऊस वेळेवर नाही, मालाला भाव नाही, आणि हे गृहस्थ उपग्रह घेऊन बसले," असे कोणी म्हणाले तर मी राग मानणार नाही. भावाचा प्रश्न पहिला, यात वाद नाही. उपग्रहाने कापसाचा भाव रुपयानेही वाढत नाही, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो.

पण शेतकरी जसा भावात लुटला जातो तसा मापातही लुटला जातो. काटा दुसऱ्याच्या हातात असला म्हणजे काय होते, हे अडतीवर उभे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जमिनीच्या मापाचेही तेच आहे. धुरा कुठे, हद्दीचा दगड कुठे, पाणी कुठवर चढणार, बांध कोणत्या रेषेवर घालायचा, ही सगळी रेघ आजवर दुसऱ्याने ओढली आणि आपण ती पाहत उभे राहिलो. ती रेघ स्वतः ओढता येईल असे साधन आता आपल्या आवाक्यात आले आहे. ते घ्यावे की नाही, घेतले तर कसे वापरावे आणि कोणत्या भुलाव्याला फसू नये, एवढेच मला सांगायचे आहे.

बारवीच्या काठी

गेल्या गणपतीनंतर मी बदलापूरला गेलो होतो. आपल्या कोरडवाहू भागातली किती पोरे अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत कामाला लागली आहेत, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. त्यांतला एक, कापूसवाल्याचाच मुलगा, आयटीआय झालेला. त्याने आणि त्याच्या दोन सोबत्यांनी सुट्ट्यांच्या दिवशी खटपट करून, सेंटीमीटरपर्यंत जागा दाखवणारे यंत्र जुळवले होते आणि मित्राच्या छोट्या टेम्पोच्या टपावर बसवले होते. गावी भावाच्या ट्रॅक्टरवर चढवण्याआधी त्याला ते चालत्या गाडीवर पारखून घ्यायचे होते. त्यासाठी त्याने बारवी धरणाचा परिसर निवडला. मी विचारले, "इथेच का?" तो म्हणाला, "भाऊ, पाण्याइतकी खरी लेव्हल दुसरी कोणती?"

पोराचे म्हणणे शास्त्राला धरून होते. संथ पाण्याची कड म्हणजे निसर्गाने स्वतः आखलेली समपातळी रेषा. कृषी महाविद्यालयात फळ्यावर वळणावळणाची जी रेषा आम्ही चार वर्षे गिरवली, ती इथे डोळ्यांनी दिसते. टेकडीच्या पोटाशी आत शिरते, सोंडेपाशी बाहेर येते, पण उंची कुठेही बदलत नाही.

हे धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे. १९७२ च्या सुमारास उभे राहिले, पुढे टप्प्याटप्प्याने वाढवले. कारखान्यांना आणि उल्हासनगरसह आसपासच्या शहरांना त्याचे पाणी जाते. तिसऱ्या टप्प्यात पाण्याची पूर्ण पातळी ६८.६० मीटरवरून ७२.६० मीटरवर नेली. चार मीटर म्हणजे कागदावर अर्ध्या बोटाची रेघ. पण दोन टक्के उताराच्या जमिनीवर पाणी चार मीटर चढले की काठ दोनशे मीटर आत सरकतो. दोनशे मीटरमध्ये एखाद्याचे अख्खे शेत आणि घर जाते. भिंत आणि दरवाजे झाल्यावरही पुनर्वसनाच्या प्रश्नाने वाढीव साठा काही वर्षे अडून राहिला. त्या काळात ज्यांची घरे त्या रेघेच्या आत-बाहेर होती, त्यांतल्या किती जणांपाशी ती रेघ स्वतः तपासण्याचे साधन होते? शहराला पाणी हवे हे मान्य. पण आपले आयुष्य कोणत्या रेघेवर उभे आहे, हे ज्याला दुसऱ्याच्याच तोंडून ऐकावे लागते, त्याला सौदा करता येत नाही. त्याला फक्त अर्ज करता येतो.

आम्ही काही धरणाच्या भिंतीपाशी गेलो नाही. तिथे जायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. जवळच्या एका गावात ओळखीच्या माणसाच्या पक्क्या घरावर एक यंत्र ठेवले, दुसरे टेम्पोच्या टपावर, आणि सार्वजनिक रस्त्याने फिरलो. उघड्या माळावर यंत्राने सेंटीमीटरचा हिशेब चोख दिला. रस्त्यावर झाडांची कमान आली की ते चाचपडू लागले. टेकडीआड गेलो की दोन्ही यंत्रांचे बोलणेच तुटले. मग गाडी थांबवून, बांबूला अँटेना बांधून, एकमेकांपासून दूर अशा दोन ठिकाणी पाण्याच्या कडेची उंची घेतली. दोन्ही आकड्यांत तीन सेंटीमीटरचा फरक आला. एखाद्या सायकलच्या दुकानात मावेल एवढ्या सामानातून हे निघाले होते.

गंमत पुढेच होती. पाण्याची उंची बहात्तरच्या आसपास दिसेल अशी माझी समजूत, आणि पडद्यावर आकडा दहाच्याही आत. मी म्हटले, यंत्र बिघडले. पोरगा हसला. उपग्रहांचा हिशेब समुद्रसपाटीपासून नसतो, पृथ्वीच्या एका कल्पित अंडगोल आकारापासून असतो, आणि आपल्या मुलखात तो कल्पित पृष्ठभाग समुद्रसपाटीच्या साठ मीटरच्या आसपास वर आहे. हे ज्याला ठाऊक नाही तो या यंत्राच्या आकड्याची सरकारी नकाशातल्या उंचीशी तुलना करून फसेल. बांधासाठी मात्र याने काही बिघडत नाही. इथून तिथे किती चढ, किती उतार, एवढेच आपल्याला हवे, आणि तो फरक बरोबर येतो.

खोट्या काट्याचे खरे माप

हे चालते कसे, ते थोडक्यात सांगतो. उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून लहरी पाठवतो. ती लहर आपल्यापाशी पोचायला किती वेळ लागला यावरून अंतर काढायचे, आणि चार-पाच उपग्रहांच्या अंतरांवरून जागा. पण वाटेतल्या हवेच्या थरांमुळे लहर रखडते, उपग्रहाच्या घड्याळात सूक्ष्म चूक असते, आणि मग मोबाईलमधला जीपीएस उघड्यावरही तीन ते पाच मीटर चुकतो. एप्रिल २००० पर्यंत तर अमेरिका या खुणेत मुद्दाम खोट मिसळत असे आणि चूक शंभर मीटरपर्यंत जाई. मे २००० मध्ये त्यांनी ती थांबवली.

तीन मीटरची चूक म्हणजे किती? शंकुसाखळी ३३ फुटांची, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, सुमारे १०१ चौरस मीटर. शंभर मीटर लांबीच्या धुऱ्यावर तीन मीटर चूक झाली की तीनशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ तीन गुंठे इकडचे तिकडे. तीन गुंठ्यांसाठी आपल्याकडे डोकी फुटली आहेत आणि तीन-तीन पिढ्या कोर्टात गेल्या आहेत. म्हणून मोबाईलवर शेताची फेरी मारून "माझी जमीन कमी भरली" असे म्हणत कोणी शेजाऱ्याच्या अंगावर जाऊ नये. पडद्यावर दशांशानंतर सहा आकडे दिसतात म्हणून माप अचूक होत नाही.

मग सेंटीमीटर येतो कुठून? काट्याचेच उदाहरण घ्या. काटा खोटा आहे, पण नेमका किती खोटा आहे ते कळले, तर त्याच काट्यावर खरे वजन निघते. शिक्क्याचे पाच किलोचे वजन ठेवले आणि काट्याने पाच किलो दोनशे ग्रॅम दाखवले, तर त्या घडीची चूक हातात आली. इथेही तसेच. एक यंत्र एका पक्क्या, न हलणाऱ्या जागी ठेवायचे. त्याला म्हणायचे बेस. आपली जागा बदललेली नाही हे त्याला ठाऊक असते, म्हणून उपग्रहाच्या लहरीत या क्षणी किती चूक आहे ते त्याला दर सेकंदाला कळते. ती चूक ते रेडिओवरून किंवा मोबाईलच्या इंटरनेटवरून दुसऱ्या, फिरत्या यंत्राला सांगते. फिरत्या यंत्राला म्हणायचे रोव्हर. मोजणीखात्याच्या माणसाच्या हातात काठीवर बसवलेले जे यंत्र अलीकडे दिसते, तेही हेच. दोघांच्या डोक्यावरचे आकाश एकच, म्हणून चूकही जवळजवळ एकच, आणि ती वजा करता येते. शिवाय ही यंत्रे लहरीच्या नुसत्या वेळेवर न थांबता लहरीच मोजतात. एक लहर १९ सेंटीमीटरची. तिचा अंश मोजला की सेंटीमीटर हातात येतो. मधे किती अख्ख्या लहरी आहेत हे कोडे सुटले की पडद्यावर 'फिक्स' असे येते. सुटले नसेल तर 'फ्लोट'. या साऱ्या पद्धतीला आरटीके म्हणतात.

ही पद्धत नवी नाही. नवी आहे ती किंमत. सर्वेक्षणाची तयार यंत्रे काही लाखांत मिळतात. २०१९ च्या आसपास तळहातावर मावणाऱ्या स्वस्त पाट्या बाजारात आल्या. आज बेस आणि रोव्हर असे दोन्ही संच, अँटेना-तारांसह, एका चांगल्या बैलजोडीपेक्षा कमी पैशांत जुळतात.

चालत्या गाडीवर बसवताना

काठीवर धरून उभे राहणे सोपे. ट्रॅक्टरवर बसवायचे तर चार-सहा गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात. बारवीच्या रस्त्यावर पोरांनी ज्या चुका केल्या त्या आपण पुन्हा कशाला करायच्या?

बेसची अँटेना हलता कामा नये. हलणाऱ्या टिनाच्या छपरावर नको, पक्क्या घराच्या गच्चीवर हवी, चहूबाजूंनी आकाश मोकळे. सिमेंटमध्ये बोल्ट पुरून जागा कायमची करा आणि तिचे अक्षांश-रेखांश वहीत लिहून ठेवा. दर वेळी बेसला नव्याने जागा शोधू दिली, तर काल आखलेली रेघ आज मीटरभर सरकलेली दिसेल.

रोव्हरची अँटेना ट्रॅक्टरच्या टपावर नेमकी मधोमध, खाली वीतभर रुंदीचा लोखंडी पत्रा. जमिनीवरून उलटून येणाऱ्या लहरी त्याने अडतात.

सगळ्यांत मोठी चूक कलण्याची. अँटेना जमिनीपासून अडीच मीटरवर आहे आणि ट्रॅक्टरचे एक चाक सरीत उतरून तो पाच अंश कलला, तर वरची अँटेना सुमारे बावीस सेंटीमीटर बाजूला जाते. यंत्र सेंटीमीटरचे आणि चूक वितीची! म्हणून कल मोजणारा एक छोटा सेन्सर सोबत लागतोच. तो काही शेकडा ते दोन-तीन हजार रुपयांत मिळतो. त्याशिवाय हे सामान ट्रॅक्टरवर चढवणे म्हणजे पैसे मातीत घालणे.

पुढचा प्रश्न वेगाचा. ताशी पाच किलोमीटरने चालणारा ट्रॅक्टर सेकंदाला सुमारे १.४ मीटर पुढे जातो. यंत्र सेकंदाला एकदाच जागा सांगत असेल तर दोन खुणांमध्ये दीड पावलांची गाळ राहते. सेकंदाला दहा वेळा सांगणारे असावे, म्हणजे खूण चौदा सेंटीमीटरवर येते.

रेडिओचे दोन शब्द. आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या आत परवान्याशिवाय वापरता येतो. अमेरिकेसाठी बनलेले ९१५ चे रेडिओ कोणी स्वस्तात गळ्यात मारील, ते घेऊ नका. बेसपासून दहा किलोमीटरच्या आत राहा. जितके लांब जाल तितके दोघांच्या डोक्यावरचे आकाश वेगळे होत जाते.

शेवटचे, वीज. ट्रॅक्टरचा सेल मारताना बॅटरीचा दाब पडतो आणि यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होते. मधे एक स्थिर दाब देणारा जोड बसवा. आणि रोज कामाला लागण्याआधी शेताच्या कोपऱ्यात ठोकलेल्या एकाच खुंटीवर यंत्र टेकवून पाहा. कालचा आणि आजचा आकडा दोन-तीन सेंटीमीटरच्या आत असेल तर पुढे जा. 'फ्लोट' दिसत असताना घेतलेले माप मापच नव्हे.

कोरडवाहूला याचा उपयोग काय?

परदेशातल्या चित्रांत सुकाणू सोडून बसलेला शेतकरी आणि आपोआप चालणारा ट्रॅक्टर दाखवतात. ते पाहून भुलू नका. दहा-बारा एकरांच्या कपाशीला आपोआप वळणारे सुकाणू नको आहे. मी कृषी पदवीधर म्हणून सांगतो, आपल्या शेतात या यंत्राची खरी कामे तीन आहेत.

पहिले काम पाण्याचे. कोरडवाहू शेतकऱ्याचे धरण म्हणजे त्याची माती. उताराला आडवी पेरणी करा, हे आपल्याला मुंबई इलाख्याच्या काळापासून सांगत आले आहेत. १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्याने समपातळी बांध आले. ते कुठे टिकले? बांधाची रेघ साहेबाने ओढली, ती कोणाच्याही हद्दीला, वहिवाटीला जुळेना, आणि बांध झाल्यावर तिफण पुन्हा धुऱ्याला समांतर चालू लागली. इक्रिसॅटने १९७० च्या दशकात पाटणचेरूला काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत बसवली. तिचा सारा जीव सरीच्या उतारात आहे. शेकडा ०.४ ते ०.८ इतका मंद उतार ठेवला तर जास्तीचे पाणी माती न नेता निघून जाते आणि उरलेले मुरते. हा उतार डोळ्याने ओळखता येत नाही. शंभर मीटरला चाळीस ते ऐंशी सेंटीमीटर कोणाला दिसणार? आज सरीयंत्र भाड्याने येते, पण सरी कोणत्या दिशेने काढायची हे चालकाच्या मर्जीवर. टपावर रोव्हर लावून रिकाम्या शेतात तास-दोन तास ट्रॅक्टर फिरवला, तर हजारो ठिकाणांची उंची नोंदली जाते आणि सरीची दिशा घरच्या घरी ठरवता येते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. एकच बांध आखायचा असेल तर पाण्याची प्लास्टिकची नळी पुरेशी आहे. ती शंभर-दोनशे रुपयांत येते आणि उंचीच्या बाबतीत उपग्रहापेक्षा खरी बोलते. अख्ख्या शिवाराचा उतार काढायचा असेल तेव्हाच रोव्हरला हात घाला.

दुसरे काम निंदणाचे. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. डवरणी यंत्राने करायची तर ओळी सरळ आणि ठरल्या अंतरावर हव्यात. पेरताना ट्रॅक्टर ज्या रेघेवर गेला तीच रेघ डवरताना पुन्हा सापडली, तर फण ओळीच्या बोटभर जवळून नेता येतो आणि रोप कापले जात नाही. सघन लागवड करणाऱ्यांना तर याची गरज अधिकच.

तिसरे काम चाकोरीचे. ओल्या काळ्या मातीवर ट्रॅक्टर दर वेळी नव्या जागेवरून गेला की दोन-तीन वर्षांत सारे शेत खालून दबते. मुळे खाली जात नाहीत, रब्बी ज्वारीला खोलवरची ओल मिळत नाही. मालदांडी ज्वारी पावसाशिवाय उभी राहते ती खालच्या ओलीवरच. चाके दर वर्षी त्याच पट्ट्यांतून गेली तर बाकीचे शेत मोकळे राहते. आपल्या जुन्या गाडीवाटेचेच हे शास्त्र आहे.

आता हिशेब. पाच एकरवाल्याने एकट्याने हे घेणे परवडणार नाही, त्याने घेऊ नये. हंगामात गावची शे-दोनशे एकर पेरणी करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने घेतले आणि गावाने मिळून एक बेस बसवला, तर गणित जमते. गावातला बेस एकच असला तरी त्यावर कितीही रोव्हर चालतात. विहिरीसारखे ते उपसून कमी होत नाही.

रेघ सरकारची की आपली?

या देशात जमीन मोजली ती सारा वसूल करण्यासाठी. १८३६ च्या सुमारास इंदापूरपासून इंग्रजांची मोजणी सुरू झाली. साखळी सरकारची, टिपण सरकारचे, दगडही सरकारचे. शेतकऱ्याचे काम दगड सांभाळणे आणि सारा भरणे. सव्वाशे-दीडशे वर्षे तीच टिपणे चालली. उपग्रहाच्या काळातही सरकारची ओढ तीच होती. अचूक नकाशा म्हणजे राज्याचे गुपित, त्याला परवानगी हवी, अर्ज हवा, शिक्का हवा.

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि ही दारे उघडली. भारतीय माणसाला आपल्या देशात कितीही अचूक मोजमाप करायला आधीची परवानगी लागत नाही. बंदी घातलेल्या काही जागा सोडल्या, तर शेतावर कोणाचा परवाना नको. सरकारच्या कायम चालू राहणाऱ्या बेसकेंद्रांची माहिती भारतीयांना विनाअडथळा मिळावी, असेही त्याच तत्त्वांत लिहिले आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात अशी ७७ केंद्रे उभारली आहेत. राज्याचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला चार हजार चौरस किलोमीटर, दोन केंद्रांत साठेक किलोमीटरचे अंतर. त्यांचा मेळ घालून दुरूनही सेवा देता येते, पण ती मोबाईलच्या रेंजवर अवलंबून. आणि आपल्या शिवारात रेंज कुठे असते, ते झाडावर चढून फोन करणाऱ्याला विचारा.

दुसरीकडे जगातल्या शेतकऱ्यांनी वाट पाहिली नाही. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या ब्रायन टिशलर या शेतकऱ्याने ट्रॅक्टरसाठी ॲगओपनजीपीएस नावाची प्रणाली स्वतः लिहिली आणि जगाला मोफत दिली. जपानच्या तोमोजी ताकासू यांनी सेंटीमीटरचे गणित करणारी आरटीकेलिब ही प्रणाली तशीच खुली केली. फ्रान्समध्ये 'सेंटिपीड' नावाच्या जाळ्यात शेतकरी आणि संस्था आपापल्या छपरांवर बेस बसवतात आणि त्यांची खूण सर्वांना विनामूल्य देतात. 

म्हणून मला भीती वाटते ती दोन गोष्टींची. एक, 'अचूक शेती'च्या नावाने अनुदानाची योजना निघेल, ठरावीक विक्रेत्याचे यंत्र दामदुप्पट भावात गळ्यात पडेल, आणि दोन हंगामांनी ते तालुक्याच्या गोदामात धूळ खाईल. तुषारसंचांचे काय झाले ते आपण पाहिले आहे. दुसरी भीती याहून मोठी. आपल्या शेताचा उतार, हद्द, ओळी, पेरा यांची सगळी माहिती यंत्र विकणाऱ्याच्या दूरच्या संगणकात जाईल आणि आपलीच माहिती आपल्याला भाड्याने घ्यावी लागेल. बियाण्याच्या बाबतीत तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य मागत २०१९ साली अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी जाहीर पेरणी केली. मापाच्या बाबतीत ते स्वातंत्र्य कागदावर आधीच मिळाले आहे. ते वापरले नाही तर दोष कोणाला द्यायचा?

बैठकीपुढे ठेवण्याचे

बैठकीत चर्चेसाठी मी चार गोष्टी सुचवतो.

एक, प्रत्येक तालुक्यातल्या चार-पाच ट्रॅक्टरवाल्यांनी आणि आयटीआय झालेल्या पोरांनी मिळून या उन्हाळ्यात एक बेस बसवून पाहावा. खर्च वर्गणीतून, हिशेब गावापुढे. अनुदान मागायचे नाही.

दोन, सरकारी बेसकेंद्रांची सेवा शेतकऱ्याला मराठीतून, साध्या नोंदणीवर मिळावी, ही मागणी करावी. ती मेहेरबानी नव्हे. केंद्रे आपल्याच पैशांतून उभी राहिली आहेत.

तीन, मोजणी झाली की 'क' प्रतीबरोबर हद्दीच्या प्रत्येक खुणेचे अक्षांश-रेखांश लेखी मागून घ्यावेत. दगड हलवता येतो, आकडा हलत नाही.

चार, आणि हे नीट लक्षात ठेवा. आपण स्वतः केलेल्या मापाला कायद्यात किंमत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे हद्दीचा निकाल अधिकाऱ्यानेच द्यायचा. आपले माप घेऊन शेजाऱ्याचा धुरा कोरू नका. त्याचा उपयोग भांडण करण्याच्या आधी आहे. भांडणात दम आहे की नाही, मोजणीचे पैसे भरावेत की नाही, आणि साहेबाने टाकलेला दगड विचारण्यासारखा आहे की नाही, हे घरबसल्या कळते. कितीतरी भांडणे तर दोघांनी मिळून एकदा मोजले की तिथेच मिटतील.

बारवीहून परतताना ते पोर म्हणाले, "भाऊ, गावी लोक हसतील. म्हणतील, कारखान्यातून हा खेळणे घेऊन आला." मी त्याला म्हटले, हसू देत. तू पहिल्यांदा तुमच्याच शेताचा उतार काढ, सऱ्या त्या उताराने पाड, आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी लोकांना बांधावर बोलाव. पाणी कुठे उभे आहे आणि कुठून वाहून गेले, हे मातीच दाखवील. मग हसणाऱ्यांतला पहिला माणूस विचारील, याला खर्च किती आला?

तो त्या दिवशी जो आकडा सांगेल, तो खरा सांगावा. आपल्या चळवळीची सगळी ताकद हिशेब खरा मांडण्यात आहे.